एकतीस शर्ट आणि चुकलेलं माप

नांदेडात माझं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. "मोर्चाचे कपडे शिवतात त्या मॅडम" एवढं म्हटलं की रिक्षावाला बरोबर बोळाच्या तोंडाशी आणून सोडतो. पाटीवर मात्र साधं 'लेडीज बुटीक' लिहिलं आहे, आणि सव्वीस वर्षं आत मुख्यतः ब्लाऊज, पंजाबी ड्रेस आणि नवरीचे घागरेच शिवले गेले. मोर्चाचे कपडे वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी. पण नाव त्यांचंच झालं. आणि ज्या कामाने सगळ्यांत जास्त नाव झालं, ते काम माझ्या हातून साफ चुकलं होतं, हे मी आजवर चारचौघांत कबूल केलेलं नाही. संपादकांनी "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा" म्हणून गळ घातली तेव्हा वाटलं, पन्नाशी उलटली, आता सांगून मोकळं व्हावं.

कपडा आणि राजकारण यांची सोयरीक आमच्या घरात माझ्या जन्माआधीच जुळली होती. आई वस्तीतल्या जयंतीचे निळे झेंडे शिवायची. मार्च उजाडला की घरात निळ्या कापडाचे गठ्ठे येऊन पडायचे आणि भाजीतसुद्धा निळा धागा निघायचा. झेंड्यात शिवायचं असतं काय? चार कडा दुमडून शिलाई मारायची, झालं. पण एक टाका वाकडा गेला की आई ती अख्खी कड उसवायची. मी म्हणायची, "अगं, एवढ्या उंचावर बघतंय कोण?" ती म्हणायची, "वारा बघतो. कच्ची शिलाई त्यालाच आधी सापडती."

पुढे मी पुण्याला जाऊन फॅशन डिझाईनचा डिप्लोमा केला. तिथे आम्हाला कागदावर लांबच लांब पायांच्या, मान बगळ्यासारखी असलेल्या बायका काढायला शिकवलं. तसली बाई मला नांदेड जिल्ह्यात अजून भेटायची आहे. परत आले, दुकान टाकलं, आणि नशिबाने कटिंगला हमीदचाचा मिळाले. वडिलांच्या वयाचा माणूस, गळ्यात टेप, खिशात खडू. बाई पायरी चढून आत येईपर्यंत चाचांनी तिचं माप नजरेनंच घेतलेलं असायचं. मी शिकलेली होते, त्यामुळे मला ते फारसं पटायचं नाही.

बाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगते. आमच्या धंद्यात माप दोन तऱ्हेने घेतात. एक, अंगावर टेप लावून. दुसरी, गिऱ्हाइकाने आणलेल्या 'मापाच्या ब्लाऊज'वरून. खेड्यातल्या बायकांना परक्या माणसाने टेप लावलेला आवडत नाही आणि रोज नांदेडला येणंही होत नाही. मग त्या नीट बसणारं एक ब्लाऊज पिशवीत घालून कुणाबरोबर तरी धाडतात. आम्ही ते टेबलावर पसरून मोजतो आणि तसंच नवं बेततो. शिवताना आतल्या बाजूला बोटभर कापड जास्त सोडायचं, त्याला आम्ही माया म्हणतो. बाई अंगाने भरली की तेवढं उसवून वाढवता येतं. निम्मा मराठवाडा असाच पिशवीतल्या मापावर शिवला जातो आणि सहसा चुकत नाही.

मोर्चाच्या कपड्यांची सुरुवात अशी झाली की घरकाम करणाऱ्या बायकांना मोर्चाला जायचं होतं. त्यांना मी ॲप्रन शिवून दिले आणि छातीवर भांडी घासायच्या तारेच्या घासणीचे बिल्ले लावले. पेपरात फोटो आला. मग गिऱ्हाइकं आली, त्यात एक उमेदवारही आला. त्याला कार्यकर्त्यांसाठी जॅकेटं हवी होती, पण तिकीट कुठल्या पक्षाचं मिळेल ते ठरलेलं नव्हतं. "मॅडम, एका बाजूनं हा रंग, उलटं केलं की तो रंग. जमंल का?" मी म्हटलं, जमेल. आणि जमवलं! इतकं सफाईदार की उलटं कुठलं नि सुलटं कुठलं हे मलाही ओळखू येईना. तिकीट मिळालं त्या दिवशी त्याच्या माणसांनी भर चौकात जॅकेटं काढून उलटी घातली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने फोटो पाहिला आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. कौशल्याची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. त्यानंतर मी ठरवलं की असलं काम करायचं तर गिऱ्हाईक निवडून करायचं.

सुमनबाई आली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, भर मे महिन्यात. नांदेड-लातूरच्या शिवेवरचं गाव. नाव लिहीत नाही, तिथल्या बायकांना अजून बरेच अर्ज करायचे आहेत. सुमनबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवायची आणि सुट्टीत मजुरीला जायची. उंच, काळीसावळी, बोलताना सरळ डोळ्यांत बघणारी. शाळेतल्या बाईंनी तिला मोबाईलवर माझे ते घासणीवाले ॲप्रन दाखवले होते.

तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला बाजाराच्या गावी जायचं, ते नऊ किलोमीटर. पूर्वी सकाळी बस होती. ओढ्यावरचा पूल वाहून गेला तशी ती बंद झाली. पूल पुन्हा झाला, बस काही आली नाही. आगारात तीन अर्ज दिले, तिन्हींना एकच उत्तर आलं, प्रवासी अपुरे. मधला रस्ता निर्मनुष्य, दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर. पोरं सायकली हाणत जात. पोरींना कोणी धाडत नव्हतं.

"माझी प्रतीक्षा सातवी पास झाली," ती म्हणाली. "वर्गात पयली आली. तिचा बाप म्हणतो, बस आली तर धाडतो, न्हाई तर उदगीरकडचं स्थळ आलंय, ते बघतो. वाईट न्हाई तो माणूस. भितो."

"मग मी काय करू?"

"आमी बायका आगारात जाऊन बसनार हाव. बॅनर नेला तर दारातच काढून घेतेत. अंगावरचं कोन काढून घेईल?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या अंगावर साडी होती आणि साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. आमच्याकडे शेतात राबणाऱ्या बायका असाच शर्ट चढवतात, उन्हापासून आणि काटक्या-कुसळांपासून बचाव म्हणून. पदर शर्टाच्या आत जातो. म्हणजे साहेबापुढे बाई कितीही लाजली, तरी पदराखाली झाकलं जाणार नाही असं एकच वस्त्र तिच्याकडे होतं, आणि ते ती घालूनच आली होती. पुण्यात दोन वर्षं शिकून मला हे सुचलं नसतं. मी कागद ओढला आणि तिथेच शर्ट काढला. शाळेच्या गणवेशाचं आकाशी चौकडीचं कापड, कॉलर, समोर बटणं, डाव्या बाजूला खिसा. खिशावर दोऱ्याने त्या बाईची शाळा जिथे सुटली ती इयत्ता काढायची. चौथी, सहावी, सातवी. एकतीस बायका, एकतीस शर्ट, साडीवर. घोषणा नको, फलक नको.

सुमनबाईने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "माझ्यावर सातवी लिवा. आन आमच्यातल्या थोरल्या गयाबाईला इच्यारून सांगते."

कापड आणायला मी लातूरला गेले. शिकवण्यांचं गाव ते, गणवेशाच्या कापडाचे ढीगच्या ढीग मिळतात. दुकानाचे मालक कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले, सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांनी विचारलं, "मुलं का मुली?" मुली, मी म्हटलं. "वय?" बत्तीस ते सत्तर, मी म्हटलं. अप्पांनी चष्मा काढला, सगळं ऐकून घेतलं आणि नोकराला सांगितलं, "ते ठेवणीतलं पक्क्या रंगाचं थान काढ रे."

आठवड्याने पिशवीतून एकतीस मापाची ब्लाऊजं आली. पिशवी उघडली तर सगळी चमचमती. जरीचे काठ, टिकल्या, एक तर खणाची गाठीची चोळी. मला वाटलं, हौशी दिसतात बायका. मापं काढली तर सगळीच लहान. छाती अठ्ठावीस, तीस, फार तर एकतीस. मला वाटलं, राबणाऱ्या बायका, अंगावर मांस कुठून असणार! उलट मला जरा गहिवरूनच आलं. शर्ट साडीवर यायचा म्हणून मी चार-पाच इंच वाढवून धरले आणि कटिंगला दिलं.

हमीदचाचांनी दोन ब्लाऊजं हातात धरली, हलवली आणि म्हणाले, "बेटा, ये माप बच्चियों का दिखरा मेरेकू."

"चाचा, मी मोजलंय."

"मोजा होगा. पर बच्चियों का दिखरा."

"तुम्ही कापा हो."

त्यांनी कापलं. सव्वीस वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे आहेत आणि त्यातला हा एक मला अजून खातो.

शाळा उघडायला आठवडा राहिला होता. आगारात जायचं ठरलं त्याच्या चार दिवस आधी मी आणि चाचा शर्ट घेऊन गावात गेलो. शाळेच्या व्हरांड्यात बायका जमल्या होत्या. सगळ्यांत थोरल्या गयाबाई, सत्तरी गाठलेल्या, तोंडात तंबाखूची गोळी. पहिला मान त्यांना दिला. त्यांनी शर्टात एक हात घातला आणि तो कोपरातच अडकला. त्यांनी जोर लावला. शिवण करकरली. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे मला शिवलंय का माझ्या नातीला?"

बायका खो खो हसल्या. मग दुसरीने घालून पाहिला, तिसरीने. एकीचंही बटण लागेना. कुणाच्या दंडात अडके, कुणाच्या पाठीवर ताणून फाटायला येई. हसू ओसरलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी चाचांकडे बघितलं नाही. कारण त्यांनी "मी सांगितलं होतं" म्हटलं असतं तर ते ऐकायची माझी ताकद नव्हती. ते म्हणालेही नाहीत.

"पण तुम्ही पाठवलेल्या ब्लाऊजवरच तर..." मी म्हटलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी सुमनबाईने खाली बघत सांगितलं, "रोजचं कसं पाठवावं, मॅडम? काखंत फाटलेलं, ठिगळाचं. तुमी शहरातल्या, दहा मानसं बगनार. म्हून आमी पेटीतलं पाठवलं. लग्नातलं. तेवढंच एक चांगलं हाय."

एकतीस जणींनी एकमेकींना न सांगता एकच गोष्ट केली होती. लाज राखायला लग्नातलं ब्लाऊज दिलं होतं.

सुमनबाईने तिच्या नावाचा शर्ट उचलला आणि दाराशी उभ्या असलेल्या प्रतीक्षाला हाक मारली. पोरीने शर्ट घातला. खांदे खांद्यांवर, बाही मनगटावर, बटणं एका झटक्यात लागली. जसं काही तिलाच बेतला होता.  मग एकजण हळूच म्हणाली, "माझं लगीन झालं तवा मी हिच्याच एवढी हुते की गं."

"मी हिच्याहून बारकी हुते," गयाबाई म्हणाल्या.

मी टेबलावर पसरून मोजलेली ती मापं माझ्या डोळ्यांपुढे आली. अठ्ठावीस, तीस, एकोणतीस. तेरा-चौदा वर्षांच्या पोरींची अंगं मी टेप लावून मोजली होती आणि मला कळलं नव्हतं. चाचांना ब्लाऊज हातात धरताच कळलं होतं. मला तिथेच रडू फुटलं, आणि ते काही माप चुकल्याचं नव्हतं.

पण रडत बसायला वेळ नव्हता. चार दिवसांत एकतीस शर्ट नव्याने शिवणं शक्य नव्हतं, कापडही संपलं होतं. आतली माया उसवून फार तर दोन इंच मिळाले असते, आणि हवे होते सहा-सात. चाचांनी एक शर्ट उलटा करून बगलेतली शिवण बघितली आणि म्हणाले, "बाजू खोलो. पट्टी डालो."

काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजू उसवायच्या आणि मध्ये तीन-तीन, चार-चार इंचांची पट्टी घालायची, बाहीतही तशीच. आमच्या धंद्यात हा काही नवा शोध नाही. पण पट्टीला कापड कुठलं? मी म्हटलं, उद्या बाजारात जाऊन आकाशीच्या जवळचं काहीतरी बघते.

"जवळचं कामून?" सुमनबाई म्हणाली. "थांबा."

ती घरी गेली आणि कापडात गुंडाळलेला शालू घेऊन आली. डाळिंबी रंग, जरीचा काठ, घड्यांवर कसर लागायला लागलेली. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला. "ह्यातली घाला पट्टी."

लग्नाचा शालू कापायला कोणत्याही शिवणाऱ्या माणसाचा हात धजत नाही. गिऱ्हाईक स्वतः घेऊन आलं तरी आम्ही दहादा विचारतो. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, शाळंच्या शर्टात माझं अंग मावना. कशानं मावना? मधी लगीन आलं. मंग तिथं तेच दिसू द्या."

 चाचांनी कात्री माझ्या हातात दिली. शालूचा पहिला चरर्र आवाज झाला आणि व्हरांड्यातल्या दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. मग एकेक उठून घरी गेली आणि आपापलं घेऊन आली. कुणाची हिरवी, कुणाची जांभळी, कुणाचा नुसता काठ उरला होता. गयाबाईंनी मापाला धाडलेली ती खणाची चोळीच आणली.

दुपारी सुमनबाईचा नवरा बालाजी आला. कामावरून येताना कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. तो सुमनबाईला टाळून थेट माझ्यापुढे उभा राहिला. "मॅडम, तुमी फोटो काढून नांदेडला जाताल. आमाला हितं ऱ्हायचंय. लग्नाचा शालू फाडला म्हून गाव तोंडात शेन घालंल आमच्या."

तो चुकीचं बोलत नव्हता. असे पुष्कळ फोटो काढून गेलेले लोक मी पाहिले आहेत.  सुमनबाई हातातली शिवण उसवता उसवताच म्हणाली, "शालू माझ्या बापानं घेतला हुता. तुमी न्हाई."

तो तसाच पाय आपटत निघून गेला. संध्याकाळपर्यंत मी दुकानातून दोन मशिनी टेम्पोने आणवल्या. पुढचे तीन दिवस सकाळी आठ ते दिवेलागणीपर्यंत शाळेचा व्हरांडा शिवत होता. बायका उसवायच्या, चाचा पट्ट्या कापायचे, मी जोडायची. ह्यावेळी मात्र प्रत्येकीला उभी करून अंगावर टेप लावला.

आगाराच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. "बॅनर?" न्हाई. "भोंगा?" न्हाई. "घोषना देनार?" न्हाई. तो बुचकळ्यात पडला. "मंग आलात कशाला?" गयाबाई म्हणाल्या, "बसायला." बसस्थानकात बसायला बंदी कशी घालणार? त्याने फाटक सोडलं.

मी आणि चाचा समोरच्या बाकावर बसून बघत होतो. एकतीस बायका एका ओळीत आत आल्या, शाळेत प्रार्थनेला येतात तशा, आणि आगारप्रमुखांच्या खोलीसमोर रांगा करून मांडी घालून बसल्या. आकाशी चौकडी, आणि प्रत्येकीच्या दोन्ही बगलांतून उतरणारी जरीची पट्टी. ऊन पडलं होतं. सगळ्या फलाटाची नजर तिकडे वळली. गाडीत चढणारे उतरून बघायला आले. माझ्या सव्वीस वर्षांत मी इतकी देखणी गोष्ट शिवलेली नाही.

सुमनबाई उभी राहिली आणि हजेरी घेऊ लागली.

"गंगाबाई, चौथी."

"हजर."

"शांताबाई, सहावी."

"हजर."

दहाव्या-बाराव्या नावाला आगारप्रमुख बाहेर आले. पन्नाशीचे, दमलेले, चष्मा कपाळावर. ते रांगेतून खिशांवरच्या इयत्ता वाचत चालत राहिले. गयाबाईंपुढे थांबले. त्यांचा खिसा त्यांनी हट्टाने कोराच ठेवायला लावला होता.

"आजी, तुमच्या खिशावर काहीच नाही?"

"आमच्या येळी गावात शाळाच न्हवती, सायेब. बस असून बी काय केलं असतं?"

लोक हसले. साहेबही हसले, आणि मग त्यांनी सुमनबाईला विचारलं, "ही पट्टी प्रत्येकीची वेगळी का?"

"ह्यो माझ्या लग्नाचा शालू हाय," ती म्हणाली. नजर सरळ होती. "शर्ट हाय तेवढा शाळंचा. सातवीत हुते तवा एवढ्यात मावत हुते. मंग शाळा सुटली. मधी जे वाढलं ते समदं लग्नाचं. आता माझी पोरगी ह्या मापाची झालीय, सायेब. तिच्यात पट्टी घालायची का न्हाई, ते तुमी सांगा."

साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की मागणी योग्य आहे, पण प्रवाशांची पाहणी करावी लागेल. सुमनबाई म्हणाली, "पाहनी काय करता? हितंच बसलोय की आमी. मोजा." आणि काय सांगू, त्यांनी खरंच मोजलं! बोटाने, मोठ्याने, एकतीसपर्यंत. प्रत्येकीला घरात शाळेत जाणाऱ्या मुली किती ते विचारलं, बाजाराला कोण जातं ते विचारलं. "माझी मुलगी लातूरला अकरावीला आहे," मध्येच कुणी न विचारता ते म्हणाले. शाळा उघडेल त्या दिवसापासून सकाळची फेरी सुरू करतो, असा शब्द त्यांनी दिला. सुमनबाई म्हणाली, "कागदावर द्या." त्यांनी कागदावर दिलं, शिक्का मारून.

परतताना टेम्पोत बायका इतक्या मोठ्याने गात होत्या की चाचांनी कानांत बोटं घातली, आणि मग स्वतःच टाळ्यांचा ठेका धरला.

त्या शर्टांचे फोटो मोबाईलवरून कुठे कुठे पोचले. एका मोठ्या शहरात त्यांचं प्रदर्शन भरलं. तिथे एका बाईंनी मला विचारलं, गणवेश फाडून त्यात विवाहवस्त्र घालण्याची संकल्पना तुम्हाला कशी सुचली? मी बरंच काही बोलले, टाळ्याही पडल्या. खरं उत्तर असं होतं की माप चुकलं होतं, चाचांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, आणि पट्टी सुमनबाईची होती. ते तिथे बोलले नाही याची खंत आहे. आता चाचांना नीट दिसत नाही, ते दुकानात येत नाहीत. हा अंक मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

पण प्रदर्शनापेक्षा मला शाळा उघडली तो दिवस सांगायचा आहे. मी सकाळीच गावात पोचले होते. फाट्यावर बायकांची ही गर्दी. मुली वेण्या घालून, दप्तरं पाठीला लावून उभ्या. बस दिसली तशी गयाबाईंनी कडाकडा बोटं मोडून तिचीच दृष्ट काढली. दार उघडलं, मुली चढू लागल्या. मी मोजत होते. दहा चढल्या. प्रतीक्षा त्यांत नव्हती.

सुमनबाई पहाटेपासून फाट्यावरच होती, पोरीला बापाबरोबर यायला सांगून. उदगीरची माणसं त्याच आठवड्यात यायची होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिने गावाच्या वाटेकडे पाहिलं. वाट रिकामी होती. कंडक्टरने तिच्याकडे बघून विचारलं, "झाल्या का समद्या?" तिने पुन्हा वाटेकडे पाहिलं. एवढ्या सगळ्या धडपडीनंतर तिचा चेहरा असा झालेला मला बघवेना. तिने शेवटी मान हलवली. घंटी वाजली आणि बस हलली.

वळणापर्यंत गेली असेल, तेवढ्यात करकचून ब्रेक लागला. रस्त्याच्या मधोमध बालाजी उभा होता. दोन्ही हात पसरलेले, एका हातात डबा, एका हातात दप्तर, पायांत चप्पल नाही. आडव्या शेतातून तो पळत आला होता. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, मरायचंय का म्हणून. बालाजी हलला नाही. त्याला धाप लागली होती, तो मागे शेतातून धावत येणाऱ्या पोरीकडे मान वळवून बघत होता.

"थांबा की जरा, मास्तर," तो म्हणाला. "पोरगी येऊन राहिली माझी. आठवीला हाय ती."